आधी हात, मग सवाल

माझा जन्म परमुलखात झाला. परमुलूख म्हणजे विलायत नव्हे. आमच्या भूमपासून दहाबारा कोसांवरची बार्शी. आज माणूस सकाळच्या एसटीने बार्शीला जातो, बाजार करतो आणि दुपारच्या जेवणाला घरी परततो. पण १९४८ साली या दोन गावांच्या मध्ये दोन राज्यांची सरहद्द होती. इकडे निजामाची रियासत, तिकडे हिंदी संघराज्य, आणि मध्ये करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे जकात, हे आताच्या मुलांना फोड करून सांगावे लागते. नाक्यावरचा शिपाई गाडी अडवी, पोती उपसून बघे, आणि त्याच्या मनात आले तर माणसालाही उपसून बघे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रझाकारांचा धुमाकूळ वाढला तेव्हा आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आजीला आणि आईला बैलगाडीत घातले, बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरमाळा सोडून ठेवल्या आणि रात्रीच्या आडवाटेने नाका चुकवून बार्शी गाठली. आई तेव्हा गरोदर होती. भगवंताच्या देवळामागे एका वाड्यातल्या कुटुंबाने आम्हांला पडवी दिली, चूल मांडायला तीन दगड दिले आणि पहिल्या दिवसाचे पीठही दिले. श्रावणात मी जन्मलो. सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम शरण गेला, आणि दीड महिन्याचा मी माझ्या 'मायदेशी' आलो. या सगळ्या येण्याजाण्यात कोणी अण्णांना विचारले नाही की तुम्ही कुठल्या राज्याची रयत, काही कागद आहे काय? विचारले असते तर त्यांच्यापाशी कमरेचा करदोडा आणि वळकटी यांपलीकडे दाखवायला काही नव्हते.

ही हकीकत मी घरातल्या पोरांना इतक्या वेळा ऐकवली आहे की मी 'बार्शी' म्हणताच ती उठून जातात. ऐन दिवाळीत, करंजीचा तुकडा तोंडात असलेल्या वाचकांपुढे ती मांडायचे कारण असे की गेल्या वर्षी माझ्या दारात एक प्रकार घडला, आणि त्या वेळी मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचे व्याज आता फेडतो आहे.

आमच्या गावात बसस्थानकाजवळ एक हॉटेल आहे. भूमचा खवा दूरवर जातो. कुंथलगिरीचा पेढा तर यात्रेकरूंनी गावोगाव पोचवला आहे. या हॉटेलातही पेढा चांगला मिळतो आणि त्याहून चांगला वाद मिळतो. आम्ही सातआठ निवृत्त मंडळी रोज तिथे जमतो आणि जगाचा कारभार हाकतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले, त्याच्या दुसऱ्या दिवशी या हॉटेलात जो संताप उसळला तो मी विसरलो नाही. माणसांच्या हातांत बेड्या, पायांत साखळ्या! चाळीसएक तासांचा प्रवास तसा! १०४ जणांत ३३ हरयाणाचे, ३३ गुजरातचे, ३० पंजाबचे होते, आणि ३ आपल्या महाराष्ट्राचे. 'आपले तीन' हे कळताच आवाज आणखी चढला. हे चोर आहेत काय, दरोडेखोर आहेत काय, पोटासाठी गेले होते ना, असे प्रश्न टेबलावर आपटले गेले. तिकडे दिल्लीत विरोधी पक्षांचे खासदार हातांत बेड्या अडकवून संसदेबाहेर उभे राहिले. परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की अशी परतपाठवणी वर्षानुवर्षे चालू आहे, जखडून आणण्याची ही पद्धत २०१२ पासूनची आहे, बायकामुलांना जखडत नाहीत. या उत्तराने आमच्या टेबलाचे समाधान झाले नाही. माझेही नाही. एखादी गोष्ट तेरा वर्षे चालू आहे, एवढ्यावरून ती योग्य ठरत असती तर हुंड्याला कोणी हात लावायला नको होता.

तेव्हा आम्ही जे बोललो ते बरोबर होते असे मी आजही मानतो. ते लोक परवान्याशिवाय गेले होते, हे खरे. अमेरिकेला त्यांना परत पाठवण्याचा हक्क होता, हेही खरे. पण परत पाठवणे वेगळे आणि साखळदंड घालून पाठवणे वेगळे, हा भेद आमच्या टेबलावरच्या चौथी पास गड्यालाही त्या दिवशी कळत होता. त्याला कोणी कायद्याचे पुस्तक वाचून दाखवले नव्हते.

मग जून महिना आला. मुंबई आणि ठाण्याच्या बाजूला बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड चालू होती. मुर्शिदाबादचे, पूर्व वर्धमानचे काही गवंडी-मजूर बांगलादेशी म्हणून पकडले गेले, सीमा सुरक्षा दलाच्या स्वाधीन झाले आणि अंधारात सरहद्दीपलीकडे ढकलले गेले. मागाहून निघाले काय? तर हे भारतीय. पश्चिम बंगालच्या सरकारने धावाधाव केली, दोन्ही बाजूंच्या सीमादलांची बैठक झाली आणि त्यांना परत आणले. याच महिन्यात दिल्लीत बीरभूम जिल्ह्याच्या एका मजूर कुटुंबाची अशीच उचलबांगडी झाली. त्यांतली बाई गरोदर, सोबत आठ वर्षांचा मुलगा. २६ जूनला त्यांना पलीकडे ढकलले; तिथल्या पोलिसांनी त्यांना काय म्हणून तुरुंगात टाकले असेल? भारतीय घुसखोर म्हणून! इकडून बांगलादेशी म्हणून हाकललेली बाई तिकडे भारतीय म्हणून गजाआड. २६ सप्टेंबरला कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी रद्द केली आणि चार आठवड्यांत परत आणा म्हणून सांगितले. चार आठवडे गेले, आठ गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि माणुसकीच्या नात्याने तिला व तिच्या मुलाला येऊ देतो असे सरकारने तिथे कबूल केल्यावर ५ डिसेंबरला ती बाई पूर्ण दिवसांच्या पोटाने मालद्याच्या बाजूने घरी आली.

'माणुसकीच्या नात्याने' हा शब्दप्रयोग वाचकांनी पुन्हा एकदा वाचावा. ज्या देशात ती पिढ्यान्‌पिढ्या राहते असे सांगते, त्या देशात पाऊल टाकायला तिला माणुसकीची भीक लागली.

आमच्या हॉटेलात या बातम्यांवर काय बोलणे झाले? काही नाही. एक जण म्हणाला, "बरे झाले, एकदा साफसफाई व्हायलाच पाहिजे होती." दुसरा म्हणाला, "सुक्याबरोबर ओले जळतेच." मग पेढ्याच्या भावावर चर्चा सुरू झाली. फेब्रुवारीत बेड्या पाहून ज्यांचे रक्त उसळले होते तेच हे लोक. मी त्यांना दोष द्यायला मोकळा नाही, कारण मीही त्या दिवशी पेढ्याचाच भाव विचारला.

आता माझ्या दारातला प्रकार. घरात नवी फरशी घालायचे ठरले होते. आमच्याकडचे मिस्त्री पुण्याला पळाले आहेत. गावात सध्या फरशीचे काम जमते ते बंगाल्यांना. तिघे पोरगे आले, मुर्शिदाबाद जिल्ह्यातले. काम असे की दोरी लावून बघावे. ओसरीत भात रांधून खात, संध्याकाळी घरी फोन लावून लहान मुलांशी बोबडे बोलत. आमच्या सौभाग्यवतींना त्यांची भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण 'मा' आणि 'भात' एवढ्या दोन शब्दांवर तिने त्यांच्याशी नाते जमवले होते. पाचव्या दिवशी गावातली सातआठ तरणी पोरे मोटारसायकलींवरून आली. कागद दाखवा म्हणाली. त्यांनी आधारकार्डे दाखवली. ही खोटी आहेत म्हणाली. मोठा मिस्त्री मोडक्या हिंदीत काही सांगू लागला, तर एकाने त्याची गचांडी धरली, दुसऱ्याने कानशिलात दिली, आणि तिघांनाही कान धरून उठाबशा काढायला लावल्या. तिसरा मोबाइलवर चित्रफीत काढत होता. त्या मिस्त्रीच्या हाताला ओले सिमेंट होते. कान धरल्यावर ते गालावर ओघळत होते.

मी उंबऱ्यात उभा होतो. आतून सौभाग्यवती म्हणाली, "अहो, काही बोला की!" मी बोललो. काय बोललो, तर "अरे, कशाला उगीच." छत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाच्या तोंडून निघालेले हे तीन शब्द! त्या पोरांतला म्होरक्या माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा होता. मला पाहून तो हसला, "गुरुजी, तुम्ही आत जा" म्हणाला, आणि मी आत गेलो.

पुढे कोणीतरी कळवले म्हणून पोलीस आले. हवालदाराने पोरांना हुसकावले, तिघांचे कागद उतरवून घेतले आणि रोज ठाण्यावर हजेरी लावायला सांगितले. त्यांच्या गावच्या ठाण्याशी फोनवर बोलणे झाले, तिकडून खात्री आली, आणि तिसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्या दारात हजर झाला. तीन दिवस, दोन फोन आणि एक वही. ना कानशिलात, ना उठाबशा. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. पण ते एवढेसे म्हणणेही आज लोकांच्या गळी उतरत नाही, म्हणून पुढचा कागद खराब करतो.

लोक म्हणतात, "खरा असेल तर भिण्याचे कारण काय? कागद दाखवावा आणि सुटावे." या कागदांविषयी मला थोडा अधिकार आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून बालाघाटाच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. जूनमध्ये आईबाप पोर घेऊन येत. "कधीचा जन्म?" म्हटले की बाप म्हणे, "दुष्काळात झाला." आई म्हणे, "पोळ्याच्या पुढेमागे." मी पोराकडे बघे, त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगे, हात पोचला की सहा वर्षे पूर्ण, आणि दाखल्यावर तारीख पडे १ जून. अशी शेकडो लेकरे मी १ जूनला जन्माला घातली आहेत. एका आळीत सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी; एका घरात तीन भाऊ १ जूनचे! त्याच दाखल्यावर पुढे शिधापत्रिका झाली, मतदारयादी झाली, आधार झाले. माझी स्वतःची तारीख काय वेगळी आहे? श्रावणात जन्मलेला मी शाळेच्या दप्तरात १ जून १९४८ चा आहे, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात माझ्या मास्तरांनी सोईस्करपणे 'भूम' लिहून टाकले आहे. उद्या कोणी कायदेपंडित माझ्या मागे लागला तर पहिल्याच फटक्यात मी दोन ठिकाणी खोटा ठरेन.

आणि त्या म्होरक्याच्या बापाची जन्मतारीख? तीही १ जूनच. माझ्याच अक्षरात.

२०२५ साली संसदेने परदेशी माणसांविषयीचा नवा कायदा केला. तो १ सप्टेंबरपासून लागू झाला. इंग्रजांच्या काळचा १९४६ चा कायदा गेला. पण जुन्या घरातली एक वस्तू नव्या घरात जशीच्या तशी आणून ठेवली आहे: तू परका आहेस हे सरकारने सिद्ध करायचे नाही, मी परका नाही हे तू सिद्ध करायचे. शहरात जन्मलेल्या, इस्पितळाचा दाखला कपाटात जपलेल्या माणसाला यात काही वावगे वाटणार नाही. पण आमच्या तालुक्यातले लोक दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन, कोयता आणि लेकरे गाडीत टाकून, ऊस तोडायला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा त्यांची दिवाळी कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत चालू असेल. त्यांच्या पेटाऱ्यात कोणता कागद असतो? असलाच तर मी लिहिलेला. बेळगावच्या पलीकडे त्यांना कोणी परक्या भाषेत विचारले, "तुम्ही कुठले?", आणि उत्तर यायच्या आधी कानशिलात बसली, तर आपण कोणत्या तोंडाने ओरडणार आहोत?

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बांगलादेशातून चोरून माणसे येतात, दलाल पैसे घेऊन आणतात, खोटी कार्डे मिळतात, हे सगळे खरे आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत एका नामांकित नटाच्या घरात शिरून सुरे चालवल्याच्या प्रकरणात पोलिसांनी पकडलेला इसम बांगलादेशी असल्याचे सांगितले गेले, तेव्हा लोक हादरले यात नवल नाही. देशाला सरहद्द असते, आणि सरहद्द असली की तिला राखणदार असतो. 'सरहद्द म्हणजे पाप, जगच माझे घर' असे शहरातल्या सभांतून सांगणारे काही विद्वान भेटतात. त्यांच्या बंगल्यांच्या फाटकावर मात्र गुरखा असतो. त्यांच्या पंगतीला मी बसत नाही. ज्याला इथे राहण्याचा हक्क नाही, त्याला सरकारने परत पाठवावे. यात माझी ना नाही.

पण हक्क आहे की नाही, हे ठरणार केव्हा आणि कोणाकडून? माझा सगळा झगडा या एका 'केव्हा'शी आहे. हात आधी पडायचा आणि सवाल मागून विचारायचा, ही रीत मला मान्य नाही. कारण इथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला माणूस जागेवर उरत नाही. चोर समजून भलत्याला पकडले तर तो निदान आपल्याच तुरुंगात असतो. त्याचा भाऊ वकील बघतो, न्यायाधीश ऐकतो. पण नदीच्या पलीकडे अंधारात ढकललेला माणूस अपील कुठे करणार? ज्या देशाचे दार त्याला बंद झाले त्याच देशाच्या न्यायालयात? पश्चिम बंगालचे सरकार ज्यांच्यासाठी धावले ते परत आले. ज्यांच्यासाठी कोणी धावले नाही, त्यांची गणती कोणत्या वहीत आहे? आणि गंमत अशी की चौकशीची रीत सरकारनेच घालून दिलेली आहे. २ मे २०२५ च्या केंद्राच्या सूचनांत संशयित माणसाच्या मूळ राज्याकडून ३० दिवसांत पडताळणी मागवण्याची तरतूद आहे. कलकत्त्याच्या न्यायालयाने बोट ठेवले ते नेमके तिच्यावर. ३० दिवस सरकारने स्वतःला दिले होते. ते थांबायला काय हरकत होती? कोणत्या गाडीची वेळ चुकत होती?

गाडीवरून आठवले. हे काही आजच सुरू झाले असे नाही, आणि एकाच पक्षाचे पाप आहे असेही नाही. १९९२ साली दिल्लीतून लोकांना असेच सरहद्दीवर नेले, तेव्हा त्यांची डोकी भादरली होती. त्या वेळी राज्य काँग्रेसचे होते. १९९८ च्या जुलैत, मुंबईत युतीचे सरकार असताना, जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमानांना पोलीसबंदोबस्तात हावड्याच्या गाडीत घातले. गाडी बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनात शिरली तेव्हा तिथे जमावच उभा होता; पुढे एक आमदार. ही आमची माणसे आहेत म्हणून त्यांनी ती गाडीतून उतरवून घेतली. जमावाने पोलिसांच्या हातून माणसे सोडवणे हे चांगले लक्षण नव्हे. पण मुंबईत सवाल नीट विचारला असता तर उलुबेरियाला जमाव कशाला जमला असता? एकीकडे जोर केला की दुसरीकडे जोरच उगवतो.

शेवटचे म्हणणे असे असते: "गुरुजी, त्यांनी आपले काय केले ते विसरलात काय? तुमच्या आईला बैलगाडीतून पळावे लागले ना?" हा बाण माझ्या घरातूनच सोडला जातो, माझा धाकटा जावई सोडतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

नाही, विसरलो नाही. रझाकारांनी या भागात केलेले अत्याचार खरे आहेत आणि त्यांना क्षमा नाही. पण अण्णांनी मला उरलेली अर्धी गोष्टही सांगितली होती. सप्टेंबरात भारताची फौज सोलापूरच्या बाजूने नळदुर्गावरून आत आली, पाच दिवसांत निजामाचा कारभार आटोपला, आणि मग आमच्याच जिल्ह्यात पुष्कळ गावांतून सूड सुरू झाला. रझाकार कोण आणि बिचारा अत्तार, तांबोळी, पिंजारी कोण, हा सवाल कोणी विचारला नाही. हात आधी पडला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती त्या वर्षाच्या अखेरीस या मुलखात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत भयंकर प्रकार घडले आणि या चारच जिल्ह्यांतल्या मृतांचा आकडा १८,००० हून कमी नसावा, असे तिने लिहिले. तो अहवाल कित्येक दशके कपाटात पडून होता. उस्मानाबादचे धाराशिव झाले, ते २०२३ साली. पण त्या मृतांची नावे जुन्या नावाच्या जिल्ह्याबरोबरच पुरली गेली.

त्यानंतर आला तो परके हुडकण्याचा हंगाम. जनरल चौधरींच्या लष्करी कारभाराने अरब, रोहिले, पठाण यांना परदेशी ठरवून छावण्यांत घातले आणि देशाबाहेर धाडण्याची खटपट सुरू केली. रोहिल्याच्या व्याजाखाली मराठवाडा रडला आहे. त्याच्याविषयी प्रेम कोणाला असणार? अण्णा तर त्याचे नाव काढले की थुंकत. तरीही प्रश्न उरलाच. अरबांतल्या पुष्कळांचे आजे-पणजे निजामाच्या फौजेत आलेले. यांचा जन्म इथला, बायका इथल्या, बोली दखनी. वाळवंट यांनी चित्रात पाहिलेले. एडनला पाठवू म्हटले तर तिथले इंग्रज विचारू लागले, हे आमचे कशावरून? इथले म्हणतात आमचे नव्हेत, तिथले म्हणतात आमचे नव्हेत, आणि माणूस तारेच्या कुंपणात. शेवटी त्यांतले पुष्कळ इथेच राहिले. त्यांची नातवंडे आज हैदराबादेत रिक्षा चालवतात, दुकाने चालवतात आणि मतदान करतात. म्हणजे जो सवाल आधी विचारायला हवा होता, तो अखेरीस विचारावाच लागला. मधल्या काळात जे भोगले गेले ते फुकट गेले.

जावईबापूंना मी एवढेच म्हणतो, की माझी आई पळाली तिच्यासारखीच आणखी एक गरोदर बाई २०२५ साली ढकलली गेली. आईला पलीकडे पडवी मिळाली, हिला तुरुंग मिळाला. आईच्या नावाने मी या दुसरीवर दगड कसा मारू?

या देशाला दुसरी रीत येतच नाही असेही नाही. १९७१ साली पूर्व बंगालातून एक कोटीच्या घरात माणसे आली, तेव्हा आपण प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट चिकटवत होतो, निर्वासितांसाठी. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. पुढच्याच वर्षी दुष्काळाने आम्हांलाच खडी फोडायला बसवले. तरी त्या पाच पैशांबद्दल या गावात कोणी कुरकुर केलेली मला आठवत नाही. युद्ध संपल्यावर ती माणसे परत गेली, बहुतेक सगळी. मोजून, नोंदून, गाड्यांत बसवून. डोकी भादरावी लागली नाहीत.

असो. माझ्या फरशीचे राहिलेच. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला, त्याचे दोन साथीदार आले नाहीत. ते पहिल्या गाडीने गावी निघून गेले होते. एकट्याने त्याने चार दिवस काम केले. त्या दिवसाविषयी तो बोलला नाही, मीही बोललो नाही. देवघराच्या कोपऱ्यातल्या दोन फरश्यांची सांध थोडी वाकडी गेली आहे. ती नीट करू का म्हणून त्याने विचारले, मी राहू दे म्हणालो. हिशेब झाला. मी वर पाचशे रुपये देऊ लागलो, ते त्याने घेतले नाहीत. "गुरुजी, एक कागद लिख दो," म्हणाला. कसला कागद? तर मी तुमच्या घरी काम केले, इतके दिवस राहिलो, चोरी केली नाही, असा. मराठीत पाहिजे, हिंदी-बंगाली कागदाला इकडे कोणी विचारत नाही.

मी वहीचे पान फाडले आणि लिहिले. नाव, बापाचे नाव, गाव, ठाणे, जिल्हा. कामाच्या तारखा. मागाहून जन्मतारखेसाठी त्याचे आधारकार्ड पाहिले, तर तिथे १ जानेवारी. त्याच्याकडच्या मास्तरांचा महिना वेगळा दिसतो. खाली सही केली, 'निवृत्त मुख्याध्यापक' असे लिहिले. शिक्का विचारला त्याने. शिक्का आता माझ्याजवळ नाही. तेव्हा त्याने माझा आधार क्रमांक लिहायला सांगितला, तो मी लिहिला. त्याने कागदाची चौघडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत आपल्या कार्डाच्या मागे घातली, आणि पिशवी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून तो बार्शीच्या गाडीला गेला.